सासऱ्यांना विष देऊ नका

थांबा. हातातलं काम बाजूला ठेवा. हे आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे, कारण मी नाही सांगितलं तर आमच्या नात्यातलं कोणीतरी सांगेल, आणि त्यांच्या गोष्टीत मी सासऱ्यांवर विषप्रयोगाचा आरोप करणारी होणारी सून आहे. माझ्या गोष्टीतही मी फार शहाणी दिसत नाही, पण निदान काय आधी झालं आणि काय नंतर, एवढं तरी बरोबर असेल. नावं कोणाचीच लिहीत नाहीये. का, ते शेवटपर्यंत वाचलंत की कळेल.

तर, माझं लग्न ठरलंय. मुलगा चांगला आहे, कॉलेजपासूनची ओळख, दांडिया बाजारातलं जुनं मराठी घर, साखरपुडा झालेला, हॉल बुक झालेला. आम्ही मांजलपूरचे. बाबा रेल्वेत, बदली होऊन बडोद्याला आले आणि इथलेच झाले. माझा जन्म इथला, शाळा इथली, तरी त्यांच्या घरच्यांच्या हिशेबानं आम्ही अजून स्टेशनवरच उतरतोय. "तुम्ही बाहेरचे ने," असं त्याची आत्या इतक्या प्रेमानं म्हणते की मला सामान शोधायला उठावंसं वाटतं.

ओळख झाली तेव्हा मी त्याला विचारलं होतं, तुझे बाबा काय करतात. तो म्हणाला, "प्राण्यांचे डॉक्टर आहेत."

मी विरघळले. जी भेटेल तिला सांगत सुटले की याचे बाबा प्राण्यांचे डॉक्टर आहेत. डोळ्यासमोर पांढरा कोट, मांडीवर मांजर, मांजराच्या पायाला बँडेज. आणि तो खोटं बोलला नव्हता हां. ते प्राण्यांचे डॉक्टरच आहेत. पदवी आहे, बैठकीच्या भिंतीवर लावलेली आहे. फक्त त्यांच्याकडे आलेला पेशंट घरी परत जात नाही, एवढाच बारीक फरक.

छाणीच्या पुढे एक लॅब आहे. शेतात फवारायची औषधं, रंग, फरशी पुसायची केमिकल्स, असलं काहीही बाजारात यायच्या आधी ते किती विषारी आहे हे तिथे तपासतात. उंदरांवर आणि सशांवर. सशाच्या डोळ्यात टाकतात आणि डोळा किती लाल होतो ते बघतात. पाठीवरचे केस काढून कातडीवर लावतात आणि कातडी किती जळते ते बघतात. काका, म्हणजे माझे होणारे सासरे, त्या प्राणी विभागाचे प्रमुख. हे मला साखरपुड्याच्या जरासं आधी कळलं, कारण होणाऱ्या नवऱ्याला वाटलं की आता सांगायला हरकत नाही.

आणि मी काय करते? मी सुट्टीच्या दिवशी रस्त्यावर उभी राहून लोकांना सांगते की विषाच्या चाचण्या प्राण्यांवर करणं बंद करा.

बडोद्यात मुलांची कमी नाही. बाप बँकेत असलेला आहे, बाप रिफायनरीत असलेला आहे, बापाचं फरसाणाचं दुकान असलेला तर माझ्याच वर्गात होता. मी नेमका हा निवडला.

माझं हे खूळ एमएस्सीतलं आहे. तेव्हा थोडे दिवस दुसऱ्याच एका लॅबमध्ये ट्रेनिंगला होते. तिथे पहिल्याच दिवशी मला गळ्यात घालायला आयकार्ड मिळालं आणि सशांच्या कानात नंबर होते. एक पांढरा ससा मला बघितलं की पिंजऱ्याच्या पुढच्या बाजूला यायचा. मी त्याला खायला द्यायचे म्हणून येत असणार, आमचं काही फार खोल नातं नव्हतं. एका सोमवारी तो पुढे आला नाही, कारण त्याला मी दिसलेच नाही. माझ्या बाजूचा डोळा सुजून मिटलेला. दुसरा डोळा उघडा होता, पण तो भिंतीच्या बाजूला होता. बस, एवढंच. मी रडले वगैरे नाही. मी घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि वाचत बसले, आणि मला कळलं की याच्यावर उपाय आधीच निघालेले आहेत. बशीत माणसाची कातडी वाढवता येते. त्या कातडीवर औषध टाकलं की ते जाळतं की नाही ते कळतं. ससा लागतच नाही.

मी हे आईला सांगायला धावले. आई भेंडी चिरत होती.

"बशीत कातडी?" आई म्हणाली. "कोणाची?"

"अगं, ऑपरेशनमध्ये कातडीचे तुकडे उरतात, लोक देतात, त्यातल्या पेशी घेऊन वाढवतात."

"लावतात विरजण लावल्यासारखं?"

"तसंच."

आई भेंडीकडे बघत राहिली. "आज मी दही खाणार नाही," म्हणाली.

असा माझ्या जनजागृतीचा शुभारंभ झाला.

नंतर मी आणि माझी गुजराती मैत्रीण, दोघींनी मिळून एक ग्रुप काढला. ग्रुपमध्ये खूप जण आहेत. फोनवर. सगळे हृदय पाठवतात. उभं राहायची वेळ आली की आम्ही दोघी असतो.

आता खरा पेच ऐका. काकांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना मी फक्त हुशार, जरा जास्त बोलणारी, पोहे बरे करणारी मुलगी म्हणून माहीत. सांगितलं तर लग्न मोडेल अशी मला भीती, आणि नाही सांगितलं तर लग्न होईल पण मोहीम मोडेल, कारण सासऱ्यांच्या घरात राहून सासऱ्यांच्या कामाविरुद्ध बॅनर कुठे वाळत घालणार? दोन्ही मला हवं होतं. होणाऱ्या नवऱ्याचं उत्तर ठरलेलं.

"लग्न होईपर्यंत थांब ने."

हा 'ने' जरा लक्षात ठेवा, पुढे यानंच घात केलाय. बडोद्याचं मराठी ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगते, आम्ही प्रत्येक वाक्याला गुजराती 'ने' चिकटवतो. ये ने, बस ने, खा ने, थांब ने. बाकीचा महाराष्ट्र जिथे 'ना' म्हणतो तिथे आमचा 'ने'. गुजरातीत हाच 'ने' 'ला'च्या जागी पण येतो. म्हणजे रामने म्हणजे रामाला. आणि शुद्ध मराठीत तर 'ने' म्हणजे ज्यानं केलं तो. रामाने केलं. एकच अक्षर, कामं तीन. कुठल्या वेळी कुठलं, हे बोलताना कळतं. लिहिल्यावर कळेलच असं नाही.

मी म्हटलं, "लग्न झाल्यावर तू म्हणशील, पहिली दिवाळी होईपर्यंत थांब ने."

त्यानं फोनमध्ये डोकं घातलं. म्हणजे तो तेच म्हणणार होता.

मग ठरवलं, एक शेवटचा मोठा कार्यक्रम करायचा. रविवारी सकाळी, कमाटी बागेच्या दारात, जिथे अख्खं गाव चालायला येतं. मोठा फ्लेक्स, पत्रकं, सह्या. मी त्याला दहादा विचारलं, काका रविवारी सकाळी काय करतात? "झोपतात," तो म्हणाला. ज्या माणसाला आपल्या बापाचं कामच एका वाक्यात धड सांगता आलं नाही, त्याच्यावर मी पुन्हा विश्वास ठेवला. प्रेम म्हणतात ते हेच असावं.

फ्लेक्सवर गुजरातीत लिहायचं होतं. वाक्य मैत्रिणीनं ठरवलेलं: ससलाने झेर न आपो. ससला म्हणजे ससा. सशाला विष देऊ नका. साधं, गोड. पण ती नेमकी त्या आठवड्यात मामाकडच्या लग्नात नाचत होती, त्यामुळे दुकानदाराला मजकूर पाठवायचं काम माझ्याकडे आलं. आणि माझं गुजराती असं आहे की बोलायला लागले तर रिक्षावाला मला पटेल समजतो, पण वाचायला दिलं तर पहिलीतलं पोर बरं. सेंट्रल स्कूलमध्ये शिकले, गुजराती विषयच नव्हता. बोर्ड वाचते ते अंदाजानं. मेडिकलचं दुकान औषधं दिसतात म्हणून मेडिकलचं.

फोनमध्ये इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की आपोआप गुजराती होतं, तसं मी टाइप केलं. एस ए एस. आणि फोननं पुढचा शब्द स्वतःच सुचवला. सुचवणारच. मागचा अख्खा महिना मी मैत्रिणीला दुसरं काय पाठवत होते? सासऱ्यांना सांगू का, सासऱ्यांना कळलं तर काय, सासऱ्यांना आत्ता नको. सगळं गुजरातीत. आणि गुजरातीत सासऱ्याला म्हणतात ससरा. फोननं माझ्या मनातला शब्द बरोबर ओळखला आणि मी वेगात पुढे गेले. मी नेहमी वेगातच असते.

दुकानदारानं फ्लेक्सचा फोटो तपासायला पाठवला. मी सशाचा चेहरा बघितला, लाल डोळा नीट छापलाय का ते बघितलं, आणि अंगठा पाठवला.

रविवारी सकाळी आम्ही दोघींनी बागेच्या दारात दोन खांबांच्या मध्ये फ्लेक्स ताणून बांधला. मैत्रीण दोन पावलं मागे गेली, सरळ बसलाय का बघायला. बघितलं. मग ती तिथेच फुटपाथवर बसली.

"शुं थयुं?" मी विचारलं.

तिला बोलताच येईना. तोंडावर ओढणी धरून हलत होती. शेवटी बोट दाखवून एकेक अक्षर वाचलं. "स. स. रा. ने."

केवढातरी मोठा पांढरा ससा, एक डोळा लालभडक, आणि खाली ठळक अक्षरांत: ससराने झेर न आपो. सासऱ्यांना विष देऊ नका.

"काढ," मी म्हटलं. "काढ, काढ, काढ."

पण गाठी तिनं बांधल्या होत्या आणि ती हसत होती, त्यामुळे त्या सुटेनात. आणि तेवढ्यात लोक थांबायला लागले. आणि आता सांगते ते लिहितानासुद्धा मला राग येतो: आमच्या मोहिमेची ही सगळ्यात यशस्वी सकाळ होती. एवढे रविवार मी घसा फोडून कातडी, पेशी, पर्याय असं सांगत होते, लोक कानात इयरफोन घालून निघून जायचे. त्या दिवशी रांग लागली. चालायला आलेले एक गुजराती आजोबा फ्लेक्ससमोर हात मागे बांधून उभे राहिले, पूर्ण वाचलं, मान हलवली.

"बहु सरस, बेटा," म्हणाले. "एक कागळ मारी वहुने पण आपजो." म्हणजे, एक पत्रक माझ्या सुनेला पण दे.

मी म्हटलं, दादा, ते सशाबद्दल आहे. ते म्हणाले, "हा, हा, समजी गयो," आणि पत्रक घडी करून खिशात ठेवलं, पुराव्यासारखं. दोन बायका फ्लेक्सपुढे उभं राहून फोटो काढून गेल्या, त्यातली एक फोटोत हात जोडून होती. सही मात्र सगळ्यांनी केली. कशावर केली ते त्यांनाच ठाऊक.

आणि मग त्या गर्दीच्या कडेला मला नवेकोरे पांढरे बूट दिसले. बूट ओळखीचे नव्हते. वरचा माणूस ओळखीचा होता.

डॉक्टरांनी काकांना त्याच आठवड्यात सांगितलं होतं, शुगर वाढलीय, सकाळचं चालायला लागा. घरात सगळ्यांना माहीत होतं. होणाऱ्या नवऱ्याला पण. तो मला सांगायला विसरला.

काकांनी फ्लेक्स वाचला. ससा बघितला. मला बघितलं. माझ्या हातातलं पत्रक घेतलं, चष्मा वर करून ते वाचलं, दोन्ही बाजू. त्यांचा चेहरा नेहमी असतो तसाच होता, म्हणजे काहीच कळत नाही असा.

"संध्याकाळी घरी येतो," म्हणाले. "तुझ्या आईला सांग, साखर नको चहात." आणि निघाले, ताठ, जोरात, डॉक्टरांनी सांगितलंय तसं.

मी घरी पोचायच्या आधी फोटो पोचला होता. त्यांच्या घरच्या ग्रुपवर कोणीतरी टाकला, तिथून आत्यांनी आमच्या आईला पाठवला. आता आईचं गुजराती कसं, तर ती लग्न होऊन नाशिकहून आली आणि बसच्या पाट्या वाचत लिपी शिकली. अक्षरं वाचते गुजराती, अर्थ लावते मराठी. मी दारातून आत आले तर ती फोन लांब धरून वाचत होती.

"ससरा...ने. सासऱ्याने. झेर, म्हणजे जहर. न आपो. आपो म्हणजे दे. सासऱ्याने... जहर... देऊ नये." फोन खाली ठेवला. "सासऱ्याने विष देऊ नये. अगं, तू त्यांना भर चौकात विषारी म्हणालीस?"

"तसं नाहीये ते. 'ने' म्हणजे 'ला'. सासऱ्याला विष देऊ नका."

आईनं विचार केला. "मग तर अजून वाईट. म्हणजे कोणी द्यायला निघालं होतं?"

बाबा ड्यूटीवर होते, ते एक बरं. नाहीतर त्यांनी त्यात रेल्वेची हिंदी घातली असती. होणाऱ्या नवऱ्याचे मेसेज येत होते. पहिला: काय केलंस. दुसरा: बाबा काहीच बोलत नाहीयेत. तिसरा: ते पत्रक वाचतायत. चौथा: परत वाचतायत. पाचवा: काही बोलू नकोस, मी सांभाळतो. मी आयुष्यात एवढी घाबरले नव्हते, आणि त्याचं कारण पाचवा मेसेज.

आई दुपारभर हॉलवाल्याला फोन करायचा की नाही यावर स्वतःशी बोलत होती. मी साडी नेसू की ड्रेस घालू यावर. लग्न मोडायला काय घालतात?

संध्याकाळी दोघं आले. काका सोफ्यावर बसले, तो माझ्याकडे न बघता लीलो चेवडा, म्हणजे आमचा बडोद्याचा ओला चिवडा, खात बसला. म्हणजे हे त्याचं सांभाळणं. आईनं बिनसाखरेचा चहा आणला आणि मला वाटतं भीतीनं त्यात चहापत्तीपण कमी टाकली होती.

काकांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला.

"ते मराठीत वाचायचं की गुजरातीत?"

"काय, काका?"

"तुझा बॅनर. गुजरातीत वाचलं तर, मला विष देऊ नका. मराठीत वाचलं तर, मी विष देऊ नये. तुझं म्हणणं नेमकं कुठलं?"

आईनं माझ्याकडे विजयी नजरेनं बघितलं, की बघ, मी बरोबर वाचलं होतं.

"ससा म्हणायचं होतं," मी म्हटलं.

"ते फोटोवरून कळलं."

मग मी ठरवलं की मोडायचंच आहे तर नीट मोडू दे. म्हटलं, "दोन्ही, काका. तुम्हाला विष देऊ नये आणि तुम्ही सशांना देऊ नये."

चेवड्याचा आवाज थांबला.

"बराबर," काका म्हणाले. "मग शेतात फवारणाऱ्याच्या डोळ्यात उडालं तर काय होईल, ते कोणाच्या डोळ्यात बघू? तुझ्या?"

"कळायला पाहिजेच. पण सशाचा डोळा वेगळा. त्याला आपल्याइतकं पाणी येत नाही डोळ्याला. पापणी तो आपल्यासारखी सारखी मिटत नाही. त्याच्यात दिसतं ते माणसात तसंच दिसेल असं नाही."

"हे तू मला सांगतेस?"

"तुम्हाला माहितीये म्हणूनच सांगतेय. ज्यांना माहीत नाही ते माझं पत्रक सुनेला पाठवतात."

काका हसले नाहीत, पण कप परत उचलला. मग पत्रक खिशातून काढलं, मांडीवर सरळ केलं, आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथे लिहिलंयस, लॅबनी पर्याय वापरावेत. चुकीचा पत्ता. लॅबकडे बशीतली कातडी आहे. मीच मागवली. एका फवारणीच्या औषधाची चाचणी आम्ही तिच्यावर केली. स्पष्ट आलं की हे जाळतं. मग काय करायचं असतं? डब्यावर तसं लिहायचं, हातमोजे घाला लिहायचं, संपलं. फाईल सरकारकडे मंजुरीला गेली. परत आली. सशाचा डेटा जोडा."

"मग?"

"जोडला."

मला एकदम कळलं नाही. मग कळलं. "म्हणजे जाळतं हे माहीत असताना तुम्ही ते..."

"सशाच्या पाठीवर लावलं. जाळलं. लिहिलं, जाळतं. फाईल मंजूर." त्यांनी पत्रकाची घडी घातली. "ते ससे तुझ्या बॅनरवर नाहीत."

मला खूप बोलता येतं. माझी ख्यातीच आहे. तिथे मी फक्त त्यांच्या हातातलं पत्रक घेतलं आणि ती ओळ परत वाचली. आईच म्हणाली, "अगं बाई," अगदी हळू, कोणाला म्हणाली कोणास ठाऊक. आणि होणारा नवरा आपल्या बापाकडे असा बघत होता की जणू त्यालाही आत्ताच कोणीतरी सांगितलं की तुझे बाबा काय करतात.

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की सकाळचा फ्लेक्स गुजरातीत वाचला तरी फार चुकीचा नव्हता. पण हे मी बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी व्याकरण काढलं असतं.

"नियमांचा नवा मसुदा निघालाय," काका म्हणाले. "कोणते पर्याय मान्य धरायचे, त्यावर सूचना मागवल्यात. कोणीही पाठवू शकतं."

"मग तुम्ही पाठवा."

"मी लॅबचा माणूस. मी लिहिलं की लॅबनी लिहिलं असं होतं. ज्यांच्या फाईली आम्ही करतो ते विचारतील, तुम्ही कोणाच्या बाजूनी? तू कोणीही आहेस."

एवढा सुंदर अपमान माझा आजवर कोणी केला नव्हता. मी लॅपटॉप आणला.

पुढचा वेळ कसा गेला ते सांगते, म्हणजे जनजागृती नावाच्या गोष्टीबद्दल तुमचा काही गोड गैरसमज असेल तर जाईल. मी टाइप करत होते, ते सोफ्यावरून खोडत होते.

"‘निर्घृण’ काढ."

"का? आहेच निर्घृण."

"वाचणारा माणूस माझ्यासारखाच कोणीतरी असणार. निर्घृण दिसलं की मी पान उलटतो. काढ."

काढलं. मग ‘मुके जीव’ गेले. ‘तडफड’ गेली. मी म्हटलं, काका, राहिलं काय, नमस्कार आणि आपली विश्वासू? ते म्हणाले, राहिलं ते कामाचं आहे, वाच. वाचलं. जिथे प्राण्याशिवायची चाचणी उपलब्ध आहे आणि तिचा निकाल स्पष्ट आहे, तिथे प्राण्यावरचा डेटा पुन्हा मागू नये. एवढंच. वाचून झालं तरी माझा घसा दुखला नाही. हे काय निवेदन झालं?

मी म्हटलं, खाली एक ओळ माझी. सगळ्या विषचाचण्यांतून प्राणी हळूहळू पूर्ण बाहेर पडावेत. काका म्हणाले, हे होणार नाही, अख्ख्या शरीरात काय होतं ते बशीत अजून दिसत नाही, तुझ्या एका ओळीनं माझी वरची सगळी मेहनत वाया जाईल. मी म्हटलं, मग मेहनत वाया जाऊ दे. यावर आम्ही दोघं बराच वेळ भांडलो. खरं भांडण, आवाज चढवून, आई दोनदा स्वयंपाकघरातून डोकावली. शेवटी ओळ राहिली, ‘पूर्ण’ गेलं, आणि ‘हळूहळू’च्या जागी ‘टप्प्याटप्प्याने’ आलं, कारण सरकारी माणसाला हळूहळू म्हटलं की तो खरंच हळूहळू करतो. हे काकांचं मत.

एक सांगते. ते बदलले वगैरे नाहीत. सोमवारी सकाळी ते डबा घेऊन छाणीच्या रस्त्याला लागले, त्याच लॅबमध्ये, त्याच विभागात. मी विचारलं होतं, सोडत का नाही? म्हणाले, "मी सोडलं की तिथे जो येईल त्याला बशी म्हणजे चहाची माहीत असेल." मला हे पटलंय का? अर्धं. माझी आणि त्यांची या विषयावरची लढाई हॉलच्या तारखेनंतरही चालू राहणार आहे, हे दोघांना दिसतंय.

पण त्या संध्याकाळी उठताना ते दारात थांबले.

"हे लग्नाच्या आधी पाठव," म्हणाले.

होणाऱ्या नवऱ्याला शेवटी वाचा फुटली. "बाबा, मी तर हिला म्हणत होतो, लग्नानंतर. शांतपणे. लग्न होईपर्यंत थांब ने."

"गाढवा," काका म्हणाले, "लग्नानंतर हिचं आडनाव काय असेल?"

त्यानं माझ्याकडे बघितलं.

"माझं. खाली माझं आडनाव, म्हणजे मीच सुनेच्या आडून लिहिलं असं होईल. आत्ता पाठव. आत्ता ती कोणाची कोणी नाही." आणि मला म्हणाले, "चल, पाठव ने. मी बूट घालेपर्यंत."

लग्नामुळे मोहीम थांबेल म्हणून मी महिनाभर रडकुंडीला आले होते, आणि सासरे म्हणत होते लग्नामुळे घाई कर. मी धावत गेले, खाली माझं पूर्ण नाव टाइप केलं, आत्ताचं आडनाव लावून, आणि पाठवलं. या वेळी पाठवायच्या आधी वाचलंसुद्धा. काकांनी नवीन बुटाची नाडी बांधली, आईला म्हणाले, चहा फार छान होता, जे साफ खोटं होतं, आणि निघाले.

आता राहिलं एवढंच की मी लग्नानंतर आडनाव बदलणार नाहीये. त्याला माहीत आहे. काकांना माहीत नाही. काका दारात आडनावाचं बोलत होते तेव्हा त्यानं मला अशा डोळ्यांनी बघितलं की ‘थांब ने’ हे न बोलतासुद्धा ऐकू येतं. थांबले मी. एका रविवारी एकच धक्का.

फ्लेक्स अजून आमच्या गॅलरीत गुंडाळून उभा आहे. आईनं लाल डोळा भिंतीकडे केलाय. मैत्रीण म्हणते, फेकू नकोस, वरातीत धरू.

तुमच्याकडे झालंय का असं कधी, की ज्या माणसाच्या कामाविरुद्ध तुम्ही रस्त्यावर उभे, तोच तुमच्या सोफ्यावर बसून तुमचं निवेदन सुधारून देतोय? आणि झालं असेल तर सांगा मला, नंतर त्याला हाक काय मारता, काका की बाबा?